ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम : एका उष्णकटिबंधीय हरितेचे स्वरूप, अधिवास आणि अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

पावसाळ्यात भिंती, कौले, दगड आणि झाडांचे बुंधे यांवर येणाऱ्या हिरव्या थराला मराठीत सरसकट ‘शेवाळ’ म्हटले जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या एका शब्दात अनेक भिन्न गट सामावलेले आहेत. पाण्यात किंवा ओलसर पृष्ठभागावर वाढणारी शैवले, जमिनीलगत चपट्या पसरणाऱ्या यकृतका आणि बारीक पानांनी वेढलेले छोटे खोड असणाऱ्या हरिता हे त्यांतील प्रमुख होत. यांपैकी हरिता हा गट ‘मॉस’ या नावाने महाविद्यालयीन अभ्यासक्रमात परिचित आहे. या वनस्पतींना फुले, बिया किंवा खरी मुळे नसतात. त्यांचा प्रसार बीजुकांद्वारे होतो आणि मूलाभ नावाच्या सूक्ष्म तंतूंनी त्या आधाराला चिकटून राहतात.

हरितांचा शास्त्रीय अभ्यास प्रथम समशीतोष्ण युरोपात आकारास आला. त्यामुळे उष्ण प्रदेशातील जातींचे ज्ञान दीर्घकाळ वाळवलेल्या नमुन्यांच्या आधारे आणि त्यांच्या मूळ स्थानापासून हजारो मैल दूर तयार होत राहिले. या प्रक्रियेचे एक बोलके उदाहरण म्हणजे ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम ही जाती होय. अमेरिका, आफ्रिका, आशिया व ओशिॲनिया येथील उष्ण सखल प्रदेशांत ती विपुल आढळते. तिचे नामकरण अठराव्या शतकात झाले. तथापि ती कोठे, कशावर आणि कोणत्या ऋतुक्रमाने जगते याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत झाला नव्हता. नाव आणि अधिवास यांच्या ज्ञानात एवढे अंतर का पडले आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जातीचे बाह्यस्वरूप

या हरितेचे दाट, उशीसारखे पुंजके झाडाच्या सालीवर किंवा कुजत्या लाकडावर वाढतात. खोड आखूड, बहुधा एक सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीचे असते. पाने सुमारे ४ ते ८ मिलिमीटर लांब, जिभेच्या आकाराची, जाडसर व ठिसूळ असून ती बाहेरच्या बाजूस पसरलेली असतात. पानाचा तळ रुंद, पातळ व पारदर्शक असतो. पुंजक्याचा रंग पांढरट हिरवा असतो. तळाकडे काही वेळा गुलाबी किंवा जांभळट झाक दिसते. पुंजका वाळला की हिरवटपणा कमी होऊन पांढरेपणा वाढतो. प्रथमदर्शनी तो हरितेपेक्षा दगडफुलासारखा भासतो.

पांढरेपणाचे कारण पानाच्या अंतर्रचनेत आहे. बहुतेक हरितांचे पान एका पेशीच्या जाडीचे असते आणि त्याच्या मध्यातून एक शीर जाते. ऑक्टोब्लेफॅरमच्या पानाचा तळाव्यतिरिक्त जवळजवळ सर्व भाग हा विस्तारलेल्या मध्यशिरेचाच बनलेला असतो. त्याचा आडवा छेद घेतल्यास दोन प्रकारच्या पेशी दिसतात. मध्यभागी हरितद्रव्य असलेल्या लहान पेशींचा एकच स्तर असतो. त्याच्या वर व खाली मोठ्या, मृत, रंगहीन पेशींचे अनेक थर असतात. या रंगहीन पेशींच्या भित्तींना छिद्रे असून त्यांत पाणी शिरते व साठते. कोरड्या हवेत त्या रिकाम्या होतात, त्यांत हवा भरते आणि प्रकाश विखुरला जाऊन पान पांढरे दिसते. हिरव्या पेशी छेदात त्रिकोणी दिसतात, ही खूण ओळखीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नर व मादी जननांगे एकाच वनस्पतीवर येत असल्यामुळे या जातीत फलन सुलभ होते आणि बीजुककोश वारंवार आढळतात. ते आखूड दांडीवर उभे राहतात व पानांच्या किंचित वर डोकावतात. झाकण गळून पडल्यावर कोशाच्या मुखाभोवती दातांसारखे अवयव दिसतात. त्यांच्या वलयास परितुंड ही संज्ञा आहे. हरितांमध्ये या दातांची संख्या बहुधा १६ किंवा तिच्या पटीत असते. ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडममध्ये मात्र ते केवळ आठ असतात. लैंगिक प्रजननाव्यतिरिक्त पानाच्या टोकावर निर्माण होणारे सूक्ष्म तंतुमय प्रजननांश आणि ठिसूळ पानांचे तुटलेले तुकडे यांपासूनही नवी वनस्पती उगवू शकते.

नामकरण : रंगाकडून दातांकडे

हरितांच्या वर्णनाचा पहिला मोठा प्रयत्न योहान याकोब डिलेनियस याने केला. त्याचा ‘हिस्टोरिया मस्कोरम’ हा सचित्र ग्रंथ ऑक्सफर्ड येथे १७४१ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्कालीन सागरी व्यापार व वसाहतींच्या विस्तारामुळे अमेरिकेतील उष्ण प्रदेशांतूनही वनस्पतींचे नमुने युरोपात पोहोचत होते. कार्ल लिनियसने १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटेरम’ या ग्रंथात हरितांविषयी लिहिताना डिलेनियसच्या कामाचा मोठा आधार घेतला. त्यातच प्रस्तुत जातीला ‘ब्रियम अल्बिडम’ हे नाव मिळाले. ‘अल्बिडम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पांढरट’ असा आहे. म्हणजे नोंद करणाऱ्यांचे लक्ष प्रथम तिच्या रंगाकडे गेले होते.

मात्र या वनस्पतींचे प्रजनन कसे होते याचे ज्ञान तेव्हा नव्हते. लिनियस हरितांच्या बीजुककोशाला फुलातील परागकोशासारखा अवयव समजत असे. त्यामुळे बीजुककोशाच्या रचनेला वर्गीकरणात योग्य स्थान मिळाले नाही आणि ब्रियम या एकाच प्रजातीत परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या अनेक हरिता एकत्र आल्या.

ही परिस्थिती योहान हेडविग (१७३०–१७९९) याच्या संशोधनाने बदलली. ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेला हेडविग व्यवसायाने वैद्य होता. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्याने हरितांची खरी नर व मादी जननांगे पानांमध्ये दडलेली असतात हे दाखविले आणि १७८२ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. बीजुककोश परागकोश नव्हे, तर फलनानंतर तयार होणारा अवयव आहे, हे यामुळे स्पष्ट झाले. पुढे १७८९ मध्ये तो लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. परितुंडाच्या दातांची संख्या व रचना हा त्याने प्रजातींच्या वर्गीकरणाचा मुख्य आधार केला.

त्याचा ‘स्पीशीज मस्कोरम फ्राँडोसोरम’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०१ मध्ये श्वेग्रिखेन याने प्रसिद्ध केला. लिनियसचे ‘ब्रियम अल्बिडम’ या ग्रंथात ‘ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम’ म्हणून येते. ‘ऑक्टो’ म्हणजे आठ आणि ‘ब्लेफॅरम’ हे पद पापणीच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. कोशाच्या मुखावरील आठ दात पापण्यांच्या केसांसारखे भासावेत, अशी ही कल्पना आहे. स्फॅग्नम व त्याचे निकटवर्ती वगळता अन्य हरितांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संकेतानुसार हाच ग्रंथ आरंभबिंदू मानला जातो. त्यामुळे हे नाव आजही त्याच रूपात वापरात आहे. या द्विपदी नावाचे दोन शब्द दोन कालखंडांची दृष्टी दर्शवितात. ‘अल्बिडम’मध्ये डोळ्यांना सहज दिसणारा रंग आहे, तर ‘ऑक्टोब्लेफॅरम’मध्ये भिंगाखाली मोजलेले दात आहेत. दोन्ही गुण वाळलेल्या नमुन्यातही टिकून राहतात. वनस्पती कशी जगते याविषयी मात्र या नावात काहीही नाही.

कुलाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाची गुणवत्ता वाढली आणि पानांच्या अंतर्रचनेकडे लक्ष वेधले गेले. विल्हेल्म फिलिप शिम्परने १८५६ मध्ये ल्यूकोब्रिएसी हे कुल मांडले. ‘ल्यूको’ म्हणजे पांढरा. जाड, पांढरट पाने आणि रंगहीन व हिरव्या अशा दोन प्रकारच्या पेशी असलेल्या हरिता या कुलात एकत्र करण्यात आल्या. ऑक्टोब्लेफॅरमचा समावेशही पुढे याच कुलात होत राहिला. फ्रेंच अभ्यासक ज्यूल कार्डो याने शतकाच्या अखेरीस या कुलाच्या अंतर्रचनेचे तपशीलवार विवेचन केले. अशा प्रकारे लिनियसच्या काळी प्रथम जाणवलेला पांढरा रंग पुन्हा वर्गीकरणाचा आधार ठरला, या वेळी तो पेशींच्या पातळीवर.

तथापि या गटात काही विसंगती होत्या. ल्यूकोब्रियम या प्रजातीच्या परितुंडात सोळा दुभंगलेले दात असतात, तर ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडममध्ये आठ अखंड दात असतात. ल्यूकोब्रियमच्या हिरव्या पेशी छेदात चौकोनी दिसतात, ऑक्टोब्लेफॅरमच्या त्रिकोणी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परितुंडाच्या पेशीरचनेचा नव्याने अभ्यास झाला आणि त्यानंतर रेण्वीय पद्धतींची जोड मिळाली. या दोन्हींतून ऑक्टोब्लेफॅरमचे नाते ल्यूकोब्रियमपेक्षा कॅलिम्परेसी या मुख्यतः उष्णकटिबंधीय कुलाशी अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. काही अभ्यासक या प्रजातीसाठी ऑक्टोब्लेफॅरेसी हे स्वतंत्र कुल मानतात. जुने कुलनाम मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या शोधनिबंधांतही वापरलेले आढळते.

या बदलाचे महत्त्व केवळ नावापुरते मर्यादित नाही. पाणी साठविणाऱ्या मृत पेशींचे आवरण आणि त्यामध्ये सुरक्षित असलेल्या हिरव्या पेशी ही योजना हरितांच्या वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे विकसित झाली, असा त्याचा अर्थ होतो. जो गुण नात्याची खूण मानला गेला होता, तो प्रत्यक्षात परिस्थितीशी जुळवून घेण्यातून निर्माण झालेले साम्य होते. पांढऱ्या रंगाचा उलगडा करण्यासाठी वंशावळीइतकाच अधिवासाचा विचार आवश्यक होता. नेमका तोच भाग अभ्यासात मागे पडलेला होता.

अधिवासाच्या ज्ञानाला झालेला विलंब

एकोणिसाव्या शतकात नमुने गोळा करणारा आणि त्यांचे वर्णन करणारा यांत सामान्यतः मोठे अंतर असे. रिचर्ड स्प्रूस याने १८४९ ते १८६४ या काळात ॲमेझॉनचे खोरे व अँडीज पर्वत येथे भ्रमंती करून असंख्य वनस्पती जमविल्या. त्याच्या हरितांचा समावेश असलेला दक्षिण अमेरिकेवरील ग्रंथ १८६९ मध्ये विल्यम मिटन याने इंग्लंडमधून प्रसिद्ध केला. भारतीय हरितांचा पहिला व्यापक आढावाही मिटननेच १८५९ मध्ये घेतला होता. हा गृहस्थ ससेक्समध्ये औषधविक्रीचा व्यवसाय करीत असे आणि परदेशांतून आलेल्या पुड्यांतील नमुने तपासत असे. स्प्रूससारखे संग्राहक जिवंत वनस्पतींचे उत्तम निरीक्षक होते यात शंका नाही. परंतु छोट्याशा कागदी पुडीवर स्थळ, दिनांक आणि ‘झाडाच्या सालीवर’ यांसारखा त्रोटक उल्लेख यांपेक्षा अधिक काही मावत नसे. झाड कोणते, पुंजका जमिनीपासून किती उंचीवर, सावलीत की उन्हात, कोश कोणत्या महिन्यात पिकले, हे प्रश्न नमुन्यावरून सुटण्यासारखे नव्हते.

या पद्धतीत बदल होण्यास उष्ण प्रदेशांतच स्थापन झालेल्या उद्यानांचा व संस्थांचा हातभार लागला. जावातील बॉयटेनझॉर्ग, म्हणजे आजचे बोगोर, येथील वनस्पतिउद्यान १८१७ मध्ये सुरू झाले होते. तेथील परिसरातील हरितांवर माक्स फ्लायशर याने अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा अखेरचा खंड १९२३ मध्ये निघाला. पुढे पॉल रिचर्ड्स याने १९५२ च्या उष्णकटिबंधीय वर्षावनावरील ग्रंथात झाडांवर वाढणाऱ्या अपिवनस्पतींची छायाप्रिय व प्रकाशप्रिय अशी विभागणी मांडली. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत प्रकाश व आर्द्रता बदलते आणि त्यानुसार वनस्पतींचे स्थानही बदलते, हा विचार यामुळे रुजला.

ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडमच्या जीवनक्रमाचा सविस्तर अभ्यास मात्र स्वतंत्र आफ्रिकी देशातील विद्यापीठीय संशोधनातून पुढे आला. ए. एगुन्योमी यांनी पश्चिम नायजेरियातील या जातीच्या परिसरविज्ञानाविषयीचे निबंध १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. त्यांत ऋतुमान आणि पाण्याशी असलेला संबंध यांचा विचार होता. त्यानंतर ब्राझीलच्या ईशान्य भागातील सखल वनात याच जातीच्या प्रजननक्रमाचा अभ्यास पोर्टो व ओलिव्हेरा यांनी केला. तो २००२ मध्ये प्रकाशित झाला. जातीला द्विपदी नाव मिळाल्यापासून हा काळ दोनशेहून अधिक वर्षांचा भरतो.

अशा अभ्यासांसाठी एकच पुंजका महिनोन्महिने तपासावा लागतो. हरितांमध्ये नर पेशी पाण्यातून पोहत मादी जननांगापर्यंत जातात, म्हणून फलनाला ओलावा अपरिहार्य असतो. बीजुकांच्या वाऱ्यावरील प्रसाराला मात्र कोरडी हवा अनुकूल ठरते. त्यामुळे पाऊस व कोरडा काळ यांच्या आवर्तनाशी या वनस्पतीचे संपूर्ण वेळापत्रक बांधलेले असते. युरोपातील संग्रहालयात ठेवलेल्या नमुन्यात या वेळापत्रकाचा फक्त एक क्षण गोठलेला असतो.

अधिवासाचे स्वरूप

उपलब्ध ज्ञानाच्या आधारे या जातीच्या अधिवासाची काही वैशिष्ट्ये सांगता येतात. ती बहुतांशी सखल व उष्ण प्रदेशात वाढते. ताड कुलातील वृक्षांचे बुंधे ही तिची विशेष आवडती जागा आहे. तेलताडाच्या खोडावर जुन्या पानांचे तळ दीर्घकाळ टिकतात. त्यांच्या बेचक्यांत कुजका पालापाचोळा व ओलावा साचतो. नारळाच्या खोडावर पानांच्या वणांच्या कडा असतात आणि त्याचा बुंधा फुगीर व खडबडीत असतो. अनेक द्विदल वृक्षांप्रमाणे या खोडांची साल मोठ्या पापुद्र्यांनी गळून पडत नाही. मंद वाढणाऱ्या पुंजक्याला असा स्थिर आधार मिळणे महत्त्वाचे असते. याखेरीज कुजके ओंडके व अन्य वृक्षांची साल यांवरही ही हरिता आढळते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मानवी वावर असलेल्या जागी तिचे टिकून राहणे. बागा, फळझाडांच्या लागवडी, रस्त्याकडेची झाडे आणि विरळ झालेली वने येथे ती सहज दिसते. अशा ठिकाणी ऊन व वारा अधिक असल्यामुळे साल लवकर कोरडी होते. पाणी साठविणाऱ्या पेशींचे जाड आवरण, वाळूनही जिवंत राहण्याची व पाऊस येताच पुन्हा कार्यक्षम होण्याची क्षमता आणि प्रजननाचे एकाहून अधिक मार्ग यांमुळे ही हरिता तेथे तग धरते. घनदाट वनाच्या दमट सावलीवर अवलंबून असणाऱ्या नाजूक हरिता व यकृतका मात्र वन विरळ होताच मागे हटतात.

भारतीय संदर्भ

भारतात हरितांचे संकलन ब्रिटिश अमदानीत प्रशासकीय अधिकारी व वनाधिकारी यांच्या हौसेतून मोठ्या प्रमाणावर झाले. मुंबई इलाख्यात एल. जे. सेजविक या सनदी अधिकाऱ्याने हरिता गोळा केल्या. १९२१ च्या जनगणनेचा मुंबई इलाख्याचा अहवालही त्याच्याच नावावर आहे. त्याचे नमुने इंग्लंडमधील एच. एन. डिक्सन याच्याकडे तपासणीसाठी जात असत. ब्रायोसेजविकिया या प्रजातीनामात या संग्राहकाची स्मृती राहिली. म्हणजे येथेही संकलन सह्याद्रीत आणि निर्णय इंग्लंडमध्ये, अशीच विभागणी होती.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम भारतीय विद्यापीठांनी आपल्याकडे घेतले. एच. सी. गांगुली यांचा पूर्व भारतातील हरितांवरील बृहद्ग्रंथ १९६९ ते १९८० या काळात कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. केरळमधील वायनाड भागावरील ग्रंथ २००५ मध्ये आला. ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम ही केरळमधील नारळीच्या बुंध्यांवर सहज दिसणारी हरिता आहे.

या सर्वेक्षणांचा भर स्वाभाविकपणे घाटमाथा व डोंगराळ वनांवर राहिला, कारण हरितांची विविधता तेथे अधिक असते. परंतु माड-पोफळीच्या वाड्या, आमराया आणि देवळांच्या आवारातील जुने वृक्ष हेदेखील सालीवर वाढणाऱ्या हरितांचे अधिवास आहेत. वाडीतील झाडाचे वय मालकाला ठाऊक असते, झाड वर्षानुवर्षे एकाच जागी उभे असते आणि त्याच्यापर्यंत कोणत्याही ऋतूत पोहोचता येते. एगुन्योमी किंवा पोर्टो व ओलिव्हेरा यांनी केलेल्या स्वरूपाच्या निरीक्षणाला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. भिंग, मोजपट्टी आणि नियमितपणे भरलेली नोंदवही एवढ्या साधनांवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही असे काम करता येण्यासारखे आहे.

यामागे एक व्यावहारिक प्रश्नही आहे. झाडांवर हरिता दिसल्या म्हणजे परिसर आर्द्र व वन सुस्थितीत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडमसारख्या जातीच्या बाबतीत हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरू शकतो. बुंधे पांढरट हिरव्या पुंजक्यांनी भरलेले असूनही मूळ वनातील छायाप्रिय जाती तेथून नाहीशा झालेल्या असू शकतात. पर्यावरणीय पाहणीत केवळ ‘हरिता आढळल्या’ अशी नोंद केल्यास हा फरक पुसला जातो. कोणती जाती, कोणत्या झाडावर व किती उंचीवर, एवढा तपशील असेल तरच अशा नोंदीला पुराव्याचे मूल्य येते.

निष्कर्ष

१. ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम या जातीचे नाव रंग व परितुंडाचे दात या दोन गुणांवर आधारलेले आहे. दोन्ही गुण वाळलेल्या नमुन्यात टिकणारे असल्यामुळे १७५३ ते १८०१ या काळात, मूळ प्रदेशापासून दूर राहूनही, तिची ओळख निश्चित होऊ शकली.

२. पानाच्या पांढरेपणावर आधारित ल्यूकोब्रिएसी कुलातील तिचे स्थान पुढे टिकले नाही. बाह्य साम्य हे नात्याचे प्रमाण मानताना अधिवासाचा विचार अनिवार्य आहे, हे यातून दिसून येते.

३. तिच्या ऋतुक्रमाचे सविस्तर ज्ञान नायजेरिया व ब्राझील येथे, म्हणजे ती जेथे वाढते त्याच प्रदेशांत झालेल्या संशोधनातून मिळाले. अधिवासाचा अभ्यास संग्रहालयातील नमुन्यावर होऊ शकत नाही. त्यासाठी जिवंत वनस्पतीजवळ दीर्घकाळ राहावे लागते.

४. विपुल आढळणाऱ्या जातीचे ज्ञान पुरेसे असेलच असे नाही. दुर्मीळ जातींच्या शोधाबरोबर नित्य दिसणाऱ्या जातींच्या नोंदी ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. वनांमध्ये होणारा बदल ओळखण्यासाठी त्याच जाती तुलनेचा पहिला आधार ठरतात.